अडपल्ली-घोटची 67 गावे

चामोर्शीहून घोटकडे निघालं की आधी दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात, मग हळूहळू जंगल जवळ येत जातं. बाहेरच्या माणसाला घोट माहीत असतं ते तिथल्या जवाहर नवोदय विद्यालयामुळे, किंवा पुढे रेगडीच्या कन्नमवार जलाशयावर जायचं असलं तर. आमच्या भागातल्या लोकांनाही घोट म्हणजे बाजाराचं, बँकेचं, एसटी थांबण्याचं गाव. पण या गावाच्या नावावर एकेकाळी जमीनदारी होती. अडपल्ली आणि घोट अशा जोडनावाने ती ओळखली जाई. 1858 मध्ये तिथला जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठला, हरला, आणि त्याच्याकडची 67 गावे दुसऱ्या एका घराण्याला बक्षीस म्हणून मिळाली. ते घराणं परकं नव्हतं. तेही राजगोंडच, सोयरिकीच्या वर्तुळातलं.

सरदार घराण्यांचा इतिहास म्हटलं की लोक युरोपकडे बघतात, त्यातही इटलीकडे. मिलानचे विस्कोन्ती, फेराराचे एस्ते, पिसाचे गेरार्देस्का. डोंगरावर गढी, खाली खोरं, खोऱ्यातल्या गावांकडून वसुली, शेजारच्या घराण्याशी लग्न नाहीतर लढाई, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सम्राट किंवा पोप. हे वाचताना मला नेहमी वाटतं, अरे, हे तर आपल्याकडचंच आहे. वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या काठाने, टेकड्यांच्या आडोशाने अशीच घराणी नांदली, भांडली, बुडाली. फरक एवढाच की इटलीत प्रत्येक व्यवहार नोटरी लिहून ठेवायचा. लग्नाचा हुंडा, गहाण शेत, मृत्युपत्र, सगळं कागदावर. त्यामुळे सातशे वर्षांपूर्वी कुणाची गिरणी कुणाकडे गेली हेसुद्धा तिथला संशोधक सांगू शकतो. आपल्याकडे ते काम परधानाने केलं. किंगरीच्या सुरावर गोंड घराण्याच्या पिढ्या गाऊन दाखवणं हा त्याचा पिढीजात धर्म. कागद मात्र फार उशिरा आला. मेजर ल्युसी स्मिथ या जमाबंदी अधिकाऱ्याने 1869 मध्ये चांदा जिल्ह्याचा अहवाल लिहिला आणि त्यात ऐकीव वंशावळ नोंदवली. आज चांद्याच्या राजांविषयी आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं त्या अहवालातून आलं आहे. त्यातली राजांची साल-वर्षं परंपरेवरून मांडलेली आहेत, म्हणून मी ती इथे देत नाही. घटनांचा क्रम मात्र धरून चालता येतो.

या सगळ्या घराण्यांचं मूळ चांद्याचं. परंपरा सांगते की भीम बल्लाळसिंह हा पहिला राजा आणि सिरपूर ही पहिली राजधानी. सिरपूर आज तेलंगणात आहे. तिथून राजधानी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आली. सुरुवातीच्या राजांच्या नावापुढे ‘सिंह’ आहे, नंतर ‘शहा’ येतं. हा किताब दिल्लीच्या बादशहाकडून मिळाला अशी कथा आहे. मग खांडक्या बल्लाळशहा. त्याच्या अंगावर गाठी आणि फोड होते, झरपट नदीतल्या एका डोहाच्या पाण्याने ते बरे झाले, आणि तिथेच अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे शिकारीत एक ससा उलटून कुत्र्याच्या मागे लागलेला राजाने पाहिला आणि राणीच्या सल्ल्याने त्याच जागी नवं शहर वसवलं. तेच चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. ही गोष्ट या भागातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते, म्हणून मी ती लांबवत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा हीरशहा. त्याच्याविषयीची आठवण लढाईची नाही. जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला त्या गावाची सनद, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन, असा त्याने नियम केला, असं ल्युसी स्मिथने नोंदवलं आहे. या नियमात केवढी अक्कल आहे ती धानवाल्यालाच कळेल. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण वेळेवर पडेलच असं नाही. रोवणी झाली, पऱ्हे उभे राहिले, आणि नेमका पावसाने पंधरा दिवस ताण दिला की बांधीला भेगा पडतात. त्या पंधरा दिवसांत बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं, पाणी सोडता आलं तर पीक हाती लागतं, नाहीतर तणस. राजाने तलाव स्वतः बांधून दिले असते तर ते त्याच्याबरोबर संपले असते. त्याने तलाव बांधणाऱ्याचा फायदा पाण्याशी बांधला. जितकी पाळ पक्की, तितकं पाणी जास्त, तितकी जमीन जास्त. म्हणूनच या पट्ट्यात गावागणिक तलाव आहेत. पुढे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले, मालगुजारी संपल्यावर माजी मालगुजारी, आणि आता नुसतंच ‘मामा तलाव’. एखाद्या गावात मामा तलाव कुणाच्या मामाचा, असं लहान मूल विचारतं तेव्हा त्याला हीरशहापासून सांगायला हवं.

चंद्रपूरचा परकोट म्हणजे या घराण्याची दुसरी खूण. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, त्यांच्या मधे खिडक्या म्हणजे लहान दरवाजे, आणि एकंदर सुमारे साडेपाच मैलांची दगडी भिंत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हे बांधकाम धुंड्या रामशहाच्या वेळी पुरं झालं. जटपुरा दरवाज्यातून आज सिटी बस आणि ऑटो जातात. गर्दीतून जरा बाजूला उभं राहून वर बघा. दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. हत्ती मुद्दाम लहान केलेला आहे, इतका की सिंहापुढे तो कुत्र्याच्या पिल्लाएवढा दिसतो. जंगलातल्या राजांना हत्ती केवढा असतो ते चांगलं माहीत होतं. शिल्पकाराला माप चुकलेलं नाही. मोठ्या सत्तेला आम्ही एवढंसं समजतो, हे त्याला सांगायचं होतं. मिलानच्या विस्कोन्ती घराण्याचं चिन्ह असंच आहे, वळसे घेतलेला साप आणि त्याच्या तोंडात माणूस. ते चिन्ह आजही आल्फा रोमिओ मोटारीच्या बिल्ल्यावर आहे आणि जगभर फिरतं. आपला सिंह दरवाज्यावरच राहिला.

या राज्याची ताकद किती होती याचा बाहेरचा पुरावा ‘ऐन-ए-अकबरी’त मिळतो. अबुल फजलने चांद्याच्या बाबाजी या गोंड राजाकडे 1000 घोडेस्वार आणि 40000 पायदळ असल्याचं लिहिलं आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही त्यात उल्लेख येतो. ते वैरागड म्हणजे आपल्या आरमोरी तालुक्यातलं. घोडे थोडे आणि पायदळ अफाट, हा आकडाच या प्रदेशाचं वर्णन करतो. इथे लढणारा माणूस जंगलातून पायी येणारा होता.

राणी हिराईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घराणं टिकतं कसं हे तिच्याकडे बघून कळतं. तिचा नवरा बीरशहा. त्यांना एकुलती मुलगी, ती देवगडच्या गोंड घराण्यात दुर्गशहाला दिली. तिथे तिचा अपमान झाला. बीरशहाने जावयाविरुद्ध चढाई केली आणि त्याचं मस्तक महाकालीला वाहीन असा पण केला. पण पुरा झाला. महाकालीच्या देवळावर देवगडकडे तोंड केलेलं एक दगडी मस्तक आहे, ते दुर्गशहाचं, असं लोक सांगतात. पुढे बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला आणि त्या लग्नाच्या वेळीच हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या राजपुताने त्याचा खून केला.

मुलगा नाही, नवरा मारलेला, तोही दुसरी बायको करायला निघालेला असताना. अशा वेळी हिराईने भाऊबंदांतला रामशहा दत्तक घेतला, तो वयात येईपर्यंत कारभार पाहिला, महाकालीचं मंदिर बांधलं, आणि ज्या नवऱ्याने तिच्यावर सवत आणायचं ठरवलं होतं त्याची चंद्रपुरातली सर्वांत देखणी समाधी बांधली. फेरारातल्या एस्ते घराण्याला हे साधलं नाही. दुसरा अल्फोन्सो 1597 मध्ये निपुत्रिक वारला, त्याने नेमलेला चुलतभाऊ औरस शाखेतला नाही म्हणून पोपने तो मान्य केला नाही, आणि 1598 मध्ये घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं फेरारा सोडून मोडेनाला जावं लागलं. दत्तकाची सोय आणि एका बाईचा निर्धार, यांवर चांद्याचं राज्य आणखी काही दशकं चाललं. चैत्रात मराठवाड्यातून हजारो माणसं महाकालीच्या यात्रेला येतात. त्यातल्या किती जणांना हिराईचं नाव माहीत असेल?

रामशहानंतर नीलकंठशहा. 1749 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्याच्याकडून उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा लिहून घेतला, 1751 मध्ये राज्यच घेतलं. नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत वारला.

राज्य गेलं, पण त्या राज्याच्या फांद्या राहिल्या. चांद्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, जिथे भोसल्यांची फौज जायला नाखूश असे, तिथे जमीनदार होते. हा जमीनदार बंगालातल्या जमीनदारासारखा नुसता वसुली करणारा नव्हता. घाट राखणं, वाटसरूंना संरक्षण देणं, बोलावलं तर माणसं घेऊन लढाईला येणं ही त्याची कामं, आणि वर टाकोळी नावाची नाममात्र खंडणी. गिलगाव, पोटेगाव, पावीमुरांडा यांच्यासारख्या छोट्या जमीनदाऱ्या आमच्या आजूबाजूलाच होत्या. सगळ्यांत मोठी अहेरीची. आत्राम घराण्याची ही जमीनदारी अडीच हजार चौरस मैलांहून मोठी होती, मध्य प्रांतात तिच्याएवढी दुसरी नव्हती. आलापल्लीचा साग तिच्याच रानातला. अहेरीचं घराणं स्वतःचं नातं थेट चांद्याच्या राजवंशाशी सांगतं.

ही घराणी एकमेकांत कशी गुंतली होती ते गोंडांच्या लग्नाच्या नियमावरून समजतं. कुळं चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी वाटलेली असतात. समान देवांची माणसं ती भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे सोयरीक करायला कायम दुसऱ्या गटाकडे जावं लागतं. जमीनदार घराणी मोजकी, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत प्रत्येक घराणं प्रत्येकाचं काहीतरी लागायचंच. कोण कुणाची आत्या, कोण कुणाचा मामेभाऊ. 1858 ची गोष्ट वाचताना हे मनात ठेवावं लागतं.

1853 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि 1854 मध्ये चांद्याला इंग्रज अधिकारी आला. अहेरीजवळ किष्टापूरला 12 मार्च 1833 रोजी जन्मलेले बाबुराव पुलेश्वर शेडमाके हे मोलमपल्लीचे जमीनदार, 24 गावांचे धनी. उत्तरेत उठाव पेटल्यावर त्यांनी गोंड तरुणांची ‘जंगोम सेना’ उभी केली, रोहिल्यांनाही सोबत घेतलं. 1858 च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. आणि इथे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले.

हे मिळणं साधं नव्हतं. बाबुरावांपेक्षा व्यंकटरावांकडे गावं जास्त होती, म्हणजे गमवायलाही जास्त होतं. घोट चामोर्शीच्या बाजूला, चांद्याहून येणाऱ्या फौजेला त्या मानाने जवळ. तरीही ते आले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन निघाला. नांदगाव-घोसरीला लढाई झाली, गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून गोंडांनी खाली दगड लोटले, एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठला पुन्हा चकमकी झाल्या. इंग्रजांना या जंगलात एकही निर्णायक विजय मिळेना. 29 एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथे तारायंत्राचं काम करणाऱ्या इंग्रजांच्या छावणीवर रात्री हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने क्रिक्टनला खबर दिली. तारेवर हल्ला म्हणजे नेमकी नस पकडणं होतं. बंडाच्या त्या दिवसांत इंग्रजांना घोड्यापेक्षा तार जास्त वाचवत होती.

यानंतर क्रिक्टनने फौजेचा नाद सोडून घराण्याचा आधार घेतला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर त्याने दबाव आणला. बाबुराव धरून दिला नाही तर जमीनदारीवर गदा येईल, हा त्याचा अर्थ होता. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना भोपालपटनमकडे धरलं, ते निसटले, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पकडले गेले. चांद्यात खटला चालला आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी दिलं. वय पंचवीस. व्यंकटराव बस्तरला गेले. दीडेक वर्ष ते तिथल्या रानात टिकले. एप्रिल 1860 मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केलं. त्यांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि त्या जप्तीतली अडपल्ली-घोटची 67 गावे लक्ष्मीबाईंना मिळाली.

लक्ष्मीबाईंना दोष देणं सोपं आहे आणि तो दिलाही जातो. मला त्यांचं कृत्य बरोबर वाटत नाही. पण मला ते समजतं. घराण्याच्या डोक्यातून विचार करणाऱ्या माणसाला देश दिसत नाही, घर दिसतं. अडीच हजार चौरस मैलांचं घर, हजारो रयत, आणि समोर असा साहेब ज्याने नुकतंच नागपूरचं राज्य गिळलेलं. त्यांनी घर वाचवलं. पिसाच्या गेरार्देस्का घराण्यात काउंट उगोलिनोने सत्तेसाठी स्वतःच्या मुलीच्या मुलाशी वैर केलं, त्या भांडणाचा फायदा पिसाच्या आर्चबिशपने घेतला, आणि 1289 मध्ये उगोलिनो दोन मुलगे आणि दोन नातवांसह एका मनोऱ्यात उपाशी मेला. दान्तेने त्याला आपल्या महाकाव्यात आणलं म्हणून जग त्याला ओळखतं. घराणी परक्याच्या ताकदीने सहसा मोडत नाहीत. परका फक्त वाट बघतो, कुठला नातेवाईक कुठल्या नातेवाइकाला द्यायला तयार आहे.

जमीनदारी 1951 मध्ये कायद्याने संपली, तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. अहेरीच्या आत्राम घराण्याने जमीनदारीनंतर मतपेटीत जागा केली. त्यातले अनेक जण आमदार झाले, मंत्री झाले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत अहेरी मतदारसंघात धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे तिघे एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा निवडून आले.

बाबुरावांची आठवण आता पक्की झाली आहे. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाखाली दर 21 ऑक्टोबरला लोक जमतात, 2009 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. हे व्हायलाच हवं होतं. पण व्यंकटराव? त्यांच्याकडे जास्त होतं, त्यांनी जास्त गमावलं, ते जास्त काळ लढले, आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली म्हणून की काय, त्यांची पुण्यतिथीसुद्धा कुणी धरत नाही. बाबुरावांच्या भाषणांत त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि जातं. घोटच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावाचं नाव 1858 च्या इतिहासात आहे हे कुणी सांगत नाही.

म्हणून घोट, अडपल्ली आणि भोवतालच्या गावांतल्या वाचकांना एक विनंती. घरात जुन्या पेटीत, देवघराच्या फळीवर, कापडात गुंडाळलेली सनद, टाकोळीची पावती, मालगुजारीचा कागद, काहीही असेल तर ते रद्दीत देऊ नका, लॅमिनेशनही करू नका, त्याने जुना कागद खराब होतो. मोबाइलवर स्वच्छ उजेडात त्याचा फोटो काढा आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि तुमच्या ओळखीत किंगरी वाजवणारा एखादा म्हातारा परधान अजून असेल, तर त्याच्यासमोर आधी बसा. कागद एकदा जपला की टिकतो. त्या परधानाचं वय झालेलं आहे.